अ‍ॅडिसनचा आजार आणि जिवाची घालमेल : भीती कोणती आणि क्रायसिस कोणता, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

पळसफूल | २३ मे, रात्री ९.१०

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या एका लहान गावात राहते आणि अंगणवाडीत काम करते. घरी कोरडवाहू शेती आहे. गेल्या वर्षी मला अ‍ॅडिसनचा आजार असल्याचे निदान झाले. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके पुरेशी तयार करीत नाहीत, असा हा आजार आहे. माझ्या बाबतीत त्याचे मूळ जुन्या क्षयरोगात निघाले.

निदान होईपर्यंतचा काळ फार वाईट गेला. वजन उतरत होते. बोटांचे सांधे, हिरड्या आणि तळहातांवरच्या रेषा काळ्या पडत होत्या. भाजीत मीठ असूनही वरून घ्यावेसे वाटे, आणि सकाळी उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येत असे. काळेपणा उन्हाचा, अशक्तपणा रक्त कमी असल्याचा आणि उरलेले सगळे मनाचे, असे मला ज्याच्या-त्याच्याकडून सांगितले गेले. शेवटी तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत उलट्या थांबेनात, मी भान हरपल्यासारखे बोलू लागले, तेव्हा घरच्यांनी गाडी करून वर्ध्याच्या बाजूला नेले. रक्तात सोडियम फार कमी आणि पोटॅशियम वाढलेले होते. कॉर्टिसॉल फार कमी पडून जीव धोक्यात येतो, त्या अवस्थेलाच क्रायसिस म्हणतात. सलाईन आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या (कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या स्टिरॉइडच्या) इंजेक्शनने मी अक्षरशः काही तासांत माणसांत आले.

आता मी दिवसातून तीन वेळा हायड्रोकॉर्टिसोन आणि सकाळी अल्डोस्टेरॉनची जागा घेणारे फ्लुड्रोकॉर्टिसोन घेते. तपासण्या चांगल्या येतात. तरीही मला स्वस्थता नाही, आणि तेच विचारण्यासाठी हा धागा काढत आहे. सायंकाळी, विशेषतः यजमान रानडुकरांच्या राखणीसाठी शेतात गेले की, छातीत धडधड सुरू होते, हातपाय गार पडतात, घाम येतो, बोटांना मुंग्या येतात आणि आता आपण पुन्हा तसेच पडणार असे वाटू लागते. पहाटेही कधी कधी हीच अवस्था असते. सासूबाई मायेने म्हणतात, "काहून येवढा जीव घाबरा करून घेते वं?" परंतु मागच्या वेळीही सारे जण असेच म्हणत होते आणि तेव्हा ते मनाचे नव्हते. अशा वेळी मी हायड्रोकॉर्टिसोनची एक जादा गोळी घेते. तिने बरे वाटते. पण ते गोळीमुळे, की गोळी घेतल्याच्या दिलाशामुळे, हे मला सांगता येत नाही.

त्यात पावसाळा तोंडावर आला आहे. आमच्या गावाच्या आणि डांबरी रस्त्याच्या मध्ये नाला आहे, आणि मोठा पाऊस झाला की पुलावरून पाणी जाते. त्या रात्री उलट्या सुरू झाल्या तर काय करायचे, या विचाराने माझी झोप आतापासूनच उडाली आहे. ज्यांना असा किंवा याच्या जवळपासचा संप्रेरकांचा आजार आहे, त्यांनी ही भीती कशी हाताळली, आणि खरा धोका व घाबरणे यांत फरक कसा केला, हे कृपया सविस्तर लिहावे.

सांजवारा | २३ मे, रात्री १०.०२

ताई, माझा आजार वेगळा आहे; मला हायपोथायरॉइडिझम आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते, आणि मी अचलपूरजवळ राहते. मला एवढेच सांगता येईल की संप्रेरकांच्या आजारात धडधडीला एकच कारण नसते. त्यासाठीच्या थायरॉक्सिनची माझी मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली होती, तेव्हा मला असेच होत असे, आणि मात्रा कमी केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून ती बसवावी लागली. नंतरही थोडी धडधड राहिली, ती मात्र चिंतेचीच निघाली. म्हणून आधी रक्ताची बाजू तपासून घ्यावी आणि मग मनाच्या बाजूकडे जावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

जुनी_परिचारिका | २४ मे, सकाळी ६.४५

पळसफूल, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. मी वर्धा जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात अनेक वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे खाली लिहिलेले सारे तुमच्या डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या सहीने कागदावर घेतल्याशिवाय अमलात आणू नये.

घाबरण्याचा झटका अचानक चढतो, साधारण दहा मिनिटांत शिखराला पोचतो आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उतरणीला लागतो. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, कारण आपण नकळत भराभर श्वास घेत असतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. रक्तदाब सहसा नेहमीइतका किंवा थोडा चढा असतो. ताप नसतो.

अधिवृक्क क्रायसिस मात्र बहुधा काही तासांत साचत जातो. त्याला बहुतेक वेळा निमित्त असते : ताप, हगवण, इजा, शस्त्रक्रिया किंवा चुकलेल्या गोळ्या. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, उठवणार नाही असा थकवा आणि पुढे गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. रक्तदाब कमी असतो आणि उभे राहिल्यावर आणखी उतरतो. पाच मिनिटे आडवे पडून एकदा, मग उभे राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे; वरचा आकडा २० किंवा अधिकने खाली आला तर ते मनाचे म्हणून सोडून देता येत नाही. श्वास संथ केल्याने क्रायसिस हटत नाही. आणि दोन्हींत फरक करता आला नाही, तर तो क्रायसिसच आहे असे धरून चालायचे. एका वेळी दिलेल्या जादा स्टिरॉइडने होणारा अपाय नगण्य आहे. न दिल्याने जीव जाऊ शकतो.

हा झाला नियमाचा एक भाग. दुसरा भाग असा की, रोजच्या साध्या भीतीला जादा गोळी हे उत्तर नव्हे. या आजारात प्रौढ व्यक्तीची दिवसाची मात्रा साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम असते. त्यावर वारंवार दहाची एक गोळी चढली, तर महिन्याअखेर शरीराला कितीतरी जास्त स्टिरॉइड गेलेले असते. वजन आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय सायंकाळी उशिरा घेतलेली गोळी झोप मोडते आणि जास्तीचे स्टिरॉइड स्वतःच अस्वस्थता वाढवते. म्हणजे जिच्यासाठी गोळी घेतली तीच गोष्ट बळावते.

आजारपणातले सर्वसाधारण नियम असे आहेत. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर दिवसाची मात्रा दुप्पट आणि १०२.२ च्या वर गेला तर तिप्पट करावी, आणि बरे वाटल्यावर पुन्हा नेहमीच्या मात्रेवर यावे. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती पुन्हा घ्यावी. तीही टिकली नाही तर वाट न पाहता १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावे आणि १०८ ला फोन करावा. हे इंजेक्शन दुर्मीळ नाही. दमा आणि अ‍ॅलर्जीसाठी ते सरकारी दवाखान्यांत वापरले जाते. ते तुमच्या घरी असायला हवे. नाल्याच्या पुराला मला दुसरे उत्तर दिसत नाही.

सांजवारा यांनी थायरॉइडचा विषय काढलाच आहे, म्हणून एक भर घालते. हे दोन आजार एकाच माणसात असू शकतात, आणि कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढण्यापूर्वी थायरॉक्सिन सुरू केले तर क्रायसिस ओढवू शकतो. त्यामुळे एकीची गोळी दुसरीने पाहून घेऊ नये.

वऱ्हाडचा_माणूस | २४ मे, दुपारी १.२०

इतकी रासायनिक औषधे घेण्यापेक्षा अश्वगंधा चूर्ण दुधातून घ्यावे आणि ज्येष्ठमधाचा काढा करावा, असे मी सुचवीन. अश्वगंधा ताण कमी करते, हे आता सगळेच मान्य करतात. आमच्या घरी अनेकांना गुण आला आहे.

औषधीवाला | २४ मे, दुपारी ३.०५

दादा, आपला हेतू चांगला आहे, परंतु या दोन वस्तू नेमक्या याच रुग्णाला सुचवण्यासारख्या नाहीत. अश्वगंधेने कॉर्टिसॉल कमी होते, हाच तिच्या बाजूने सांगितला जाणारा गुण आहे. ज्यांच्या शरीरात ते तयारच होत नाही आणि गोळीतून मोजून पुरवावे लागते, त्यांना तो गुण कशासाठी हवा? ज्येष्ठमध उलट्या दिशेने काम करते. शरीरात कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे एक विकर (एन्झाइम) असते, त्याला ते अडवते. त्यामुळे मीठ आणि पाणी शरीरात साचते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. एरवी खोकल्याला चघळायला ठीक आहे. मात्र फ्लुड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्याने रोजचा काढा घेतला, तर डॉक्टरांनी बसवलेला हिशेबच बिघडतो.

पळसफूल ताई, तुम्ही जुन्या क्षयरोगाचा उल्लेख केला आहे. क्षयाचे उपचार चालू असतील किंवा पुन्हा सुरू करावे लागले, तर त्यातले रिफाम्पिसिन हे औषध यकृतात हायड्रोकॉर्टिसोनची मोड फार लवकर घडवून आणते. त्या काळात नेहमीची मात्रा अपुरी पडते आणि डॉक्टर ती वाढवतात. फिटच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. दुकानात नवीन औषध घेताना 'मला अ‍ॅडिसन आहे' हे वाक्य आधी सांगावे. दुकानदाराला तो शब्द माहीत नसेल, तर 'माझ्या स्टिरॉइडच्या गोळ्या एक दिवसही बंद करता येत नाहीत' असे सांगितले तरी पुरेसे आहे.

आणखी एक. चिंतेसाठी झोपेची म्हणून अल्प्राझोलाम कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. तिची सवय लागते आणि सोडताना घालमेल दुपटीने परत येते. आमच्या भागात ती चिठ्ठीशिवाय मागणारे रोज येतात, म्हणून लिहिले.

कपाशीवाला | २४ मे, रात्री ८.३०

माझ्या वडिलांची कथा थोडी निराळी आहे, पण शेवट याच ठिकाणी येतो. गुडघेदुखीसाठी ते एका गावठी औषधवाल्याकडून पुड्या घेत असत आणि त्या खाऊन तरण्यासारखे काम करीत. त्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले होते, हे पुड्या अचानक बंद केल्यावर कळले. बाहेरून दीर्घकाळ स्टिरॉइड मिळाले की मेंदूतली पीयूष ग्रंथी अधिवृक्काला सांगणेच थांबवते आणि ग्रंथी निजून जातात. वडील गळून पडले, जेवण जाईना, साखर उतरली. त्यांच्या अंगावर काळेपणा आला नाही आणि त्यांना फ्लुड्रोकॉर्टिसोनही लागले नाही, कारण त्यांच्यात अल्डोस्टेरॉन शाबूत होते. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची लहान मात्रा चालू करून ती फार हळू उतरवली जात आहे.

भीतीच्या बाबतीत सांगायचे तर ती वडिलांपेक्षा मला जास्त होती. ते दुपारी झोपले तरी मी छाती हलते की नाही ते पाहत असे. आम्हाला सर्वांत उपयोगी पडली ती वही. तिच्यात गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि त्रास झाला ती वेळ एवढेच लिहायचे. काही दिवसांतच दिसले की त्यांची अस्वस्थता जेवण लांबले त्याच दिवशी असते. ग्लुकोमीटर आणला, तेव्हा त्या वेळी साखर ७० च्या खाली सापडली. ताईंनी पहाटेच्या त्रासाच्या वेळी एकदा साखर मोजून पाहावी, अशी विनंती आहे.

जुनी_परिचारिका | २४ मे, रात्री ९.१५

कपाशीवाला यांची सूचना महत्त्वाची आहे. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागते आणि जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते. अ‍ॅडिसनच्या रुग्णात नेमकी तीच वेळ रिकामी असते, कारण आदल्या सायंकाळच्या गोळीचा अंमल कधीच ओसरलेला असतो. त्यामुळे पहाटेची घालमेल आणि सायंकाळची घालमेल एकाच कारणाची असेल असे धरून चालू नये. सायंकाळचा त्रास तिसऱ्या गोळीच्या आधी होतो की नंतर, हे वहीतच दिसेल. आधी होत असेल, तर मात्रा न वाढवता नुसत्या वेळा बदलूनही कधी कधी काम भागते. तो निर्णय डॉक्टरांचा.

मनमोकळे | २५ मे, सकाळी ११.४०

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात समुपदेशक म्हणून काम करतो. वरील सर्व वैद्यकीय सल्ला मी मान्य करतो, परंतु एका ठिकाणी माझी असहमती नोंदवतो. रक्तदाब, साखर, वही, पुन्हा रक्तदाब, हे सारे चिंताग्रस्त माणसाच्या हातात दिले तर बऱ्याचदा तेच त्याचे व्यसन होते. मोजले की क्षणभर बरे वाटते, आणि म्हणून दर तासाला मोजावेसे वाटते. घाबरलेल्या अवस्थेत यंत्राचा पट्टा आवळला की आकडाही बदलतो आणि त्या आकड्याची नवी भीती बसते. अशी माणसे मी पाहिली आहेत, ज्यांनी यंत्र उशाशी घेऊन झोपणे सुरू केले.

ताई, तुम्ही मृत्यूच्या दारातून परत आला आहात, आणि त्याआधी तुमच्या शरीराने दिलेल्या प्रत्येक इशाऱ्याला 'मनाचे' म्हणून उडवून लावले गेले. अशा अनुभवानंतर मन राखणीच्या माणसासारखे होते. एकदा रानडुकरांनी उभे पीक लोळवले की पुढे उंदीर खसखसला तरी तो उठून डबा वाजवतो. त्याला वेडा म्हणून उपयोग नसतो, कारण डुकरे खरोखरच येतात. त्याला आवाजांतला फरक शिकवावा लागतो. म्हणून 'घाबरू नको' हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

यासाठी बोधात्मक वर्तन उपचाराची पद्धत उपयोगी पडते. झटका आल्यावर पहिला विचार कोणता आला, त्याच्या बाजूने आज कोणता पुरावा आहे आणि विरुद्ध कोणता, हे लिहून काढायचे. 'धडधड आहे, पण ताप नाही, उलटी नाही, गोळ्या चुकलेल्या नाहीत' असे वाक्य स्वतःच्या हाताने लिहिले की त्याचे वजन वेगळे असते. त्यानंतर चार अंक मोजत नाकाने श्वास आत आणि सहा अंक मोजत बाहेर, असे काही मिनिटे करावे. सोडणे घेण्यापेक्षा लांब असणे महत्त्वाचे. आणि ज्या गोष्टी भीतीमुळे सुटल्या आहेत, म्हणजे एकटीने घरात थांबणे, बाजाराला जाणे, त्या थोड्या थोड्या करून परत सुरू कराव्यात. टाळल्याने भीती वाढत जाते.

इतक्यानेही भागले नाही, तर औषधे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. मात्र तिथे आपला अ‍ॅडिसनचा आजार प्रथम सांगावा.

औषधीवाला | २५ मे, दुपारी १२.३०

मनमोकळे यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून लिहितो. चिंतेसाठी सर्वाधिक दिली जाणारी औषधे, म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी, काही रुग्णांत रक्तातले सोडियम कमी करतात. अ‍ॅडिसनमध्ये सोडियम आधीच काठावर असते. ती औषधे घेऊ नयेत असा याचा अर्थ नाही. सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांत सोडियम तपासून घ्यावे, एवढाच आहे. त्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, हे आधी माहीत असले म्हणजे माणूस घाबरून मध्येच सोडत नाही. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पुष्कळांना दिले जाते, पण ते रक्तदाब उतरवते. ज्यांचा रक्तदाब मुळातच कमी आहे किंवा ज्यांना दमा आहे, त्यांनी ते कोणाचे उसने घेऊ नये.

निवृत्त_मास्तर | २५ मे, सायंकाळी ५.५०

वैद्यकातले मला कळत नाही, पण या आजाराचा इतिहास वाचला आहे. लंडनच्या गायज रुग्णालयातील थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी त्याचे मुख्य कारण क्षयच होते, आणि उपचार काहीच नव्हता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांना हाच आजार होता. ते निवडणूक लढले तेव्हा तो लपवून ठेवला गेला. पळसफूल या लेकीने लपवले नाही, हे मला अध्यक्षांपेक्षा जास्त धीराचे वाटते.

जुनी_परिचारिका | २५ मे, रात्री ८.००

मनमोकळे, तुमची हरकत मला पटली, पण अर्धीच. दर तासाला यंत्र लावणे चूक आहे, हे मान्य. मात्र ज्या गावातून दवाखाना चौदा-पंधरा किलोमीटर दूर आहे, तिथे यंत्र काढून घेणेही बरोबर नाही. शहरातला माणूस शंका आली तर रिक्षा करून जातो. खेड्यातल्या बाईला शंका आली तर आधी घरातल्या चौघांना पटवावे लागते, आणि तिच्या हातात आकडा नसला तर तिचे कोणी ऐकत नाही. मला वाटते, केव्हा मोजायचे हे आधीच ठरवून भिंतीवर लावावे. ताप, उलटी, हगवण, चुकलेली गोळी किंवा अर्ध्या तासात न उतरलेली घालमेल, यांपैकी काही असेल तरच यंत्र बाहेर काढायचे. एरवी ते कपाटात.

मनमोकळे | २५ मे, रात्री ८.४०

ही तडजोड मला मान्य आहे. यंत्र कपाटात असावे आणि कपाटाची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे नसावी. ताईंवर विश्वास नाही असा अर्थ त्यातून निघू नये.

पळसफूल | २ जून, रात्री ९.३०

सर्वांची मनापासून आभारी आहे. मधल्या काळात मी वही ठेवली आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आले. पहाटेचा आणि सायंकाळचा त्रास खरोखरच वेगळा निघाला. पहाटे साखर उतरत होती, कारण रात्री मी लवकर आणि थोडेच जेवत होते. आता झोपण्यापूर्वी अर्धी ज्वारीची भाकर आणि दूध घेते, आणि सकाळची गोळी जाग येताच, अंथरुणातच घेते. सायंकाळच्या त्रासाचा गोळ्यांच्या वेळेशी काही संबंध दिसला नाही. तो यजमान शेताकडे निघाले की सुरू होतो. डॉक्टरांनी वही वाचून ही भीतीच आहे असे सांगितले, पण या वेळी ते ऐकून अपमान वाटला नाही, कारण त्यांनी आधी सगळे तपासले होते. समुपदेशन सुरू केले आहे. औषध सध्या नको, दोन महिन्यांनी पाहू, असे ठरले.

नवतपात घाम फार गेल्यामुळे त्यांनी मीठ वाढवायला सांगितले आणि पावसाळा लागेपर्यंत फ्लुड्रोकॉर्टिसोनही किंचित वाढवले. आंबील आणि मीठ घातलेले ताक चालते. नारळपाणी मात्र सांभाळून घ्यायला सांगितले, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. आजारी माणसाला आपल्याकडे प्रथम तेच आणून देतात! आजारपणातले नियम त्यांनी मराठीत लिहून, सही-शिक्का करून दिले. त्याची एक प्रत भिंतीवर आणि एक पाकिटात आहे. सासूबाईंनी तो कागद मला मोठ्याने वाचायला लावला आणि उलटी झाली की काय करायचे ते मला दोनदा विचारले.

दोन प्रश्न उरले आहेत. आमच्याकडे चतुर्थीचा आणि इतर उपवास मी लग्नापासून धरते. ते सोडावे का? आणि इंजेक्शन घरी आणले आहे, पण वीज तासन्‌तास जाते, फ्रिजचा भरवसा नाही. ते ठेवावे कुठे, आणि यजमानांना टोचायला शिकवावे कसे? त्यांचे हात कापतात.

कपाशीवाला | २ जून, रात्री १०.१०

उपवासाबद्दल आमच्या घरी बराच वाद झाला होता. डॉक्टरांनी निर्जळी आणि दिवसभर उपाशी राहण्याला स्पष्ट नाही म्हटले. गोळ्यांच्या वेळेला पोटात काहीतरी हवे आणि पाणी-मीठ तुटता कामा नये. फराळ करून, वेळा सांभाळून धरता येतो का, हे त्यांनी वडिलांच्या साखरेवर सोडले. वडिलांनी शेवटी एकादशीला भगर, दाण्याची आमटी आणि ताक असे तीन वेळा खाऊन उपवास केला. आईचे म्हणणे, हा उपवास नव्हे. वडिलांचे म्हणणे, विठ्ठलाची काही तक्रार आलेली नाही.

जुनी_परिचारिका | ३ जून, सकाळी ६.३०

कुपीवर तापमानाची मर्यादा छापलेली असते, ती पाहावी. आपल्याकडे मे-जूनमध्ये टिनाच्या खालची खोली ती सहज ओलांडते. फ्रिज बंद पडला तरी दार न उघडल्यास काही तास गार राहतो. खालच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात कुपी, पाण्याची अँप्यूल, दोन सिरिंज आणि कापूस असे एकत्र ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. फ्रिजचा अजिबातच भरवसा नसेल, तर एका मातीच्या भांड्यात दुसरे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि डबा आतल्या भांड्यात ठेवावा. डब्यात ओल शिरणार नाही एवढे पाहावे. भुकटीत पाणी टोचायच्या वेळीच मिसळायचे, आधी नाही. मुदत संपण्याची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी. संपलेली कुपी फेकू नये, ती सरावाला लागते.

टोचणे शिकवण्यासाठी तुम्हाला कुठे जावे लागणार नाही. ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला आरोग्य सेविका तुमच्याच अंगणवाडीत येते. लसीकरण आटोपल्यावर यजमानांना तिच्याजवळ बसवा. मुदत संपलेल्या कुपीत पाणी घालून ती कशी हलवायची, सिरिंजमध्ये कशी ओढायची, सुई सरळ कशी धरायची, हे ती दाखवील. सुई टोचण्याचा सराव संत्र्यावर करतात. सध्या संत्री नाहीत, तेव्हा मोसंबी चालेल. हात कापले तरी हरकत नाही, मांडीचा स्नायू मोठा असतो, आणि कपड्यावरून टोचले तरी चालते. सासूबाईंनाही त्याच दिवशी बसवा. यजमान शेतात असतील तेव्हा घरात त्याच असतील.

पळसफूल | ३ जून, दुपारी २.१५

सेविकाताईंना फोन केला. येत्या मंगळवारी त्या येत आहेत. सासूबाई म्हणतात, त्या आधी शिकतील, मग त्यांचा लेक.